खिडकीपासून तिसरी

अकरा वर्षं या रिकाम्या सत्तावीस मजल्यांचा
मी एकटा पगारी माणूस होतो.
तेही सत्तावीस नव्हेतच. बारानंतर थेट चौदा.
तेराला विमा कंपनीसुद्धा भ्यायची,
जिचा धंदाच मुळी लोकांच्या भीतीवर उभा.

एकोणतीस साली मे महिन्यात फीत कापली,
ऑक्टोबरात बाजार कोसळला.
दारावर दगडी पेलिकन,
छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा.
हप्ते मात्र उलट्या दिशेने वाहायचे,
असं ओतमार ह्रिबार म्हणायचा.
शेवटचा लिफ्टवाला. लिफ्ट बंद झाल्यावरही
सहा महिने पितळ पुसायला येत होता,
घरी बायको रेडिओ मोठ्याने लावते म्हणून.

कंपनी गेली कोलंबसला.
मग वकील आले, मग दातांचे डॉक्टर,
मग फोनवरून उधारी वसूल करणारी पोरं,
आणि एका जानेवारीत बाविसाव्यावर नळ फुटला.
सकाळी टॉर्च घेऊन गेलो तर
जिना एकोणिसाव्यापर्यंत बर्फाचा.
मी पहिल्या पायरीवर बसून डबा खाल्ला.
इतकं सुंदर काही
मला कधी कुणी राखायला दिलं नव्हतं.

आता दोनशे चौदा घरं.
तळघरातल्या तिजोरीत कुत्री धुवायची सोय,
आणि गच्चीवर, जिथे ससाण्याची मादी
कबुतरांची पिसं उपटत बसायची, तिथे शेकोटी,
बटण दाबलं की पेटणारी.
मी काही रडलो नाही.
रिकाम्या इमारतीचं कौतुक
तिच्यात पहारा न केलेल्यांनी करावं.

पण मार्चमध्ये कामगारांनी
टपालाची नळी उघडली.
वरपासून खालपर्यंत काचेची,
कुठल्याही मजल्यावरून पत्र टाकलं
की सरसर खाली, पेटीत.
अकरा आणि दहाच्या मधे, भिंतीआड,
एक जाड पाकीट आडवं झालेलं
आणि त्याच्यावर चाळीस पत्रं
एकमेकांना टेकून, सत्तर वर्षं.

टपाल खात्याचा माणूस आला. हातमोजे घालून
एकेक मोजलं, माझी सही घेतली.
हप्ते थकल्याच्या नोटिसा बहुतेक.
मनात आलं, ज्यांना त्या मिळाल्याच नाहीत
ते तितके दिवस तरी निवांत झोपले असतील.
किंवा मेले असतील, विम्याशिवाय.
दोन्ही खरं असू शकतं.

एकच कार्ड होतं. कार्ड काय, उघडंच असतं,
वाचलं म्हणून पाप लागत नाही:
आई, नोकरी लागली.
टाइपरायटर नवा आहे.
माझी जागा खिडकीपासून तिसरी.
सरोवर दिसतं, मान जरा वळवली तर.
पण सुपरवायझर बघते, म्हणून वळवत नाही.
खाली नाव, ल्युडमिला.

पत्ता वाचून मी म्हणालो,
हा रस्ता आता नाही. वरून हायवे गेला.
तो म्हणाला, जाईल.
मी म्हटलं, अहो, घरंच पाडली साठ साली.
त्याने कार्ड पिशवीत ठेवलं, चेन ओढली.
जाईल, म्हणाला.
असा विश्वास मी चर्चमध्येही पाहिला नाही.

त्या रात्री अकराव्यावर गेलो.
भिंती नव्हत्या अजून, नुसत्या पत्र्याच्या चौकटी.
खिडकीपासून पावलं मोजली.
एका टेबलाला किती धरायची, कोण सांगणार?
अंदाजाने उभा राहिलो,
मान वळवली.
अंधार होता. दूर एका बोटीचा दिवा.
मी पोटभर बघून घेतलं,
माझी सुपरवायझर कुणी नव्हती.

आता मला कोट दिलाय, खिशावर पेलिकन शिवलेला.
शनिवारी लोक घर बघायला येतात,
ओट्याचा दगड हाताने चाचपतात,
भांडी धुवायचं यंत्र उघडून बघतात,
आणि जाता जाता, बोलायचं म्हणून, विचारतात,
इथे आधी काय होतं हो?

खिडकीपासून तिसरी जागा, मी सांगतो.

त्यांना वाटतं मी पार्किंगचं बोलतोय.